विशीतली श्रद्धा आणि परतीची वाट

अठरा ते पंचवीस या वयात माणसाला जे मनापासून वाटते ते खरे मानायचे, की वयाचा ताप समजून तो उतरण्याची वाट पाहायची, हा प्रश्न बहुतेक घरांत कधी ना कधी उभा राहतो. मुलगा म्हणतो, नोकरी नको, मी मेळघाटात शिकवायला जातो. मुलगी म्हणते, लग्न नको, मला दीक्षा घ्यायची आहे. कुणी मांसाहार सोडतो, कुणी पूजा सोडतो, तर कुणी आजवर घरात नसलेला देव घरात आणतो. अशा वेळी थोरामोठ्यांचे पहिले वाक्य ठरलेले असते, "चार महिन्यांचे खूळ आहे, जाईल." गेले तर हायसे वाटते. नाही गेले तर आधी मामाला, मग डॉक्टरला आणि शेवटी ज्योतिषाला बोलावले जाते. गंमत अशी, की हाच मुलगा स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात कॉट-बेसिसवर सहा वर्षे राहिला आणि चार वेळा नापास झाला, तर त्याच्या चिकाटीचे आपण चार लोकांत कौतुक करतो. म्हणजे चिकाटी आपल्याला हवी असते. ती कशासाठी धरायची, हे मात्र आपण ठरवणार!

घाटकोपरमध्ये निम्मे आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला हा प्रश्न रस्त्यात भेटतो. इथे मराठी चाळी आणि गुजराती इमारती एकमेकींना खेटून वाढल्या. पूर्वेच्या भागात देरासरे आहेत, उपाश्रय आहेत. चातुर्मास संपून कार्तिकी पौर्णिमा उलटली, की पहाटेच्या अंधारात पांढऱ्या वस्त्रांतल्या साध्वींचे छोटे छोटे गट विहाराला निघतात. पाय अनवाणी. वाहनात बसायचे नाही, पुढचा मुक्काम चालतच गाठायचा. त्यांतल्या काही जणी विशीतल्या असतात. त्याच वेळी, त्याच फुटपाथवर, त्यांच्याच वयाच्या मुली कंपनीच्या गाडीची वाट पाहत मोबाइलमध्ये डोके घालून उभ्या असतात. दोघींपैकी कुणाची वाट बरोबर, हे मी सांगणार नाही. तो माझा अधिकार नाही. पण पहिलीकडे पाहून "बिचारी" आणि दुसरीकडे पाहून "हुशार" असे जे आपण मनातल्या मनात म्हणून टाकतो, ते जरा थांबून तपासायला हवे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

याच कुळीची चिकाटी मी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकालाही पाहिली. २०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता लेकीकडे न्यू जर्सीत होतो. एका दुपारी दारावरची घंटा वाजली. बाहेर दोन गोरे तरुण. पांढरा शर्ट, टाय, खिशावर नावाची काळी पट्टी. जग ज्यांना मॉर्मन म्हणून ओळखते, त्या ख्रिस्ती पंथाचे ते प्रचारक होते. लेक आतून म्हणाली, "बाबा, नको म्हणून सांगा आणि दार लावून घ्या. इथे सगळे तेच करतात." पण ऊन कडक होते, पोरे घामाघूम झाली होती, आणि दारात आलेल्या मुलाला पाणी न विचारता परत पाठवणे आमच्या सौ.ला जमत नाही. तिने चहा विचारला. दोघांनी नम्रपणे नको म्हटले. त्यांच्या पंथात चहा आणि कॉफी वर्ज्य आहे. कोकम सरबत मात्र दोघांनी दोन-दोन ग्लास घेतले आणि ते तासभर बसले.

या पंथाची व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. जोसेफ स्मिथ नावाच्या तरुणाने १८३० साली न्यू यॉर्क राज्यात तो स्थापन केला. पंथातल्या मुलाने वयाच्या अठराव्या वर्षानंतर दोन वर्षे प्रचारकार्याला द्यावीत, अशी अपेक्षा असते. मुलीही दीड वर्षासाठी जातात. पगार नाही. खर्च स्वतःचा किंवा घरच्यांचा. कुठे जायचे हे वरून ठरते. एकट्याने फिरायचे नाही. जोडीदार नेमून दिलेला असतो. सकाळी साडेसहाला उठायचे, प्रेमात पडायचे नाही, आणि आठवड्यातला एक दिवस कपडे धुण्यासाठी व घरी पत्र लिहिण्यासाठी. २०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत घरी फोन करण्याची मुभा साधारणपणे वर्षातून दोनदाच होती, नाताळला आणि मातृदिनाला. त्यानंतर ती दर आठवड्याला मिळाली. असे सत्तर हजारांहून अधिक प्रचारक आज जगभर दारोदार फिरत आहेत.

त्या दोघांतला धाकटा एकोणीस वर्षांचा होता. मी त्याला बँकेतल्या माणसाचा प्रश्न विचारला. चौदा महिने झाले म्हणतोस, किती जणांना पटवलेस? तो हसला. एकालाही नाही, म्हणाला. पुढे तो जे बोलला, त्याने मला विचारात टाकले. घर सोडताना आपली श्रद्धा अगदी पक्की आहे, असे त्याला वाटत होते. शे-दोनशे दारे तोंडावर बंद झाल्यावर त्याच्या लक्षात आले, की ती श्रद्धा त्याच्या आईची होती. तो ती उसनी घेऊन निघाला होता. स्वतःची म्हणावी अशी जी काही आहे, ती त्याला इथे, नकार ऐकता ऐकता मिळाली, आणि ती घरून आणलेल्या श्रद्धेपेक्षा लहान आहे.

पश्चात्तापाबद्दल त्याचे म्हणणे आणखी साधे होते. पश्चात्ताप ही चोरांनी आणि दारुड्यांनी करायची गोष्ट आहे, असा त्याचा समज होता. पण एका खोलीत एका परक्या मुलाबरोबर चोवीस तास राहायला लागल्यावर रोज काही ना काही घडते. त्याच्या जेवताना आवाज करण्याचा राग येतो, आपण टाकून बोलतो, तो दुखावला गेल्याचे दिसूनही पुस्तकात तोंड खुपसतो. झोपण्यापूर्वी जोडीदाराला "आज माझे हे चुकले" असे सांगणे, हे त्याला दोनशे दारे ठोठावण्यापेक्षा जड जात होते. आणि चिकाटी म्हणजे काय, तर उद्या सकाळी पुन्हा साडेसहाला उठणे. एवढेच.

मला त्याच्या धर्ममतात रस नव्हता आणि नाही. त्याने दिलेली पुस्तिका मी परत केली. पण चौदा महिने खाते कोरे असताना ज्याचा चेहरा कोरा झाला नव्हता, असा मुलगा मी नोकरीतल्या इतक्या वर्षांत पाहिला नव्हता. आमच्याकडे ठेवींचे उद्दिष्ट तीन महिने हुकले, की विभागीय कार्यालयाचा फोन येई आणि शाखेतल्या माणसांचे जेवण उतरत नसे. आपण मोजण्यावर वाढलेली माणसे आहोत. टक्केवारी, पॅकेज, चौरस फूट. जे मोजता येत नाही ते वाया गेले, असे आपण धरून चालतो. म्हणून या मुलाच्या दोन वर्षांचे काय झाले, हा प्रश्न मला त्याच्यापेक्षा जास्त छळत होता. त्याचे उत्तर शोधायला अमेरिकेत राहायची गरज पडली नाही. ते आपल्या मुंबईच्या इतिहासातच आहे.

या पंथाचे प्रचारक आपल्याकडे पावणेदोनशे वर्षांपूर्वी येऊन गेले आहेत. ह्यू फिंडले नावाचा स्कॉटलंडचा तरुण प्रचारक १८५२ साली मुंबईत उतरला. मुंबई, पुणे आणि बेळगाव या टापूत त्या काळात या पंथाने काम केले. त्या वेळी पंथात बहुपत्नीत्वाची चाल होती, आणि त्याच वर्षी ती अमेरिकेत जाहीर झाली. बातमी इकडे पोहोचल्यावर इतर मिशनऱ्यांनी आणि गोऱ्या समाजाने या मंडळींना वाळीतच टाकले. मोजकी माणसे हाती लागली. १८५५ मध्ये फिंडले परत गेला आणि मागे जे काही उभे राहिले होते तेही लवकरच विरले. पुण्यात आज कुणाला त्याचे नावही ठाऊक नाही. आकड्यांच्या वहीत त्याच्या तीन वर्षांसमोर जवळजवळ शून्यच मांडावे लागेल.

त्याच्याही चाळीस वर्षे आधीची गोष्ट याहून बोलकी आहे. १८१२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या सेलम गावी पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा मिळाली. गॉर्डन हॉल, सॅम्युएल न्यूएल, सॅम्युएल नॉट, अडोनिराम जडसन आणि ल्यूथर राइस. सगळे विशीतले. त्यांतले हॉल आणि नॉट ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईला पोहोचले. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते, त्यातून अमेरिका आणि इंग्लंड यांचे युद्ध जुंपलेले. दोघांना परत पाठवण्याचे हुकूम सुटले. ते कोचीनला निसटले, पकडून परत आणले गेले. हॉलने गव्हर्नर सर इव्हन नेपियन यांना त्यांच्या सदसद्विवेकबुद्धीला साद घालणारे पत्र लिहिले आणि कसेबसे राहायला मिळाले. न्यूएल वर्षभराने येऊन मिळाला. त्याची एकोणीस वर्षांची पत्नी हॅरिएट वाटेतच, मॉरिशसला, वारली होती. नॉटची प्रकृती बिघडली आणि १८१५ मध्ये तो मायदेशी परतला. न्यूएलला १८२१ मध्ये मुंबईतच पटकीने गाठले. उरला हॉल. १८२६ च्या मार्चमध्ये तो नाशिक-त्र्यंबककडे गेला. तिकडे पटकीची साथ होती. जवळची औषधे त्याने रोग्यांना वाटून टाकली आणि परतताना सिन्नरजवळच्या दोडी-दापूर येथे एका देवळाच्या ओसरीत त्याच रोगाने तो गेला. वय एकेचाळीस. तेरा वर्षांच्या कामानंतर बाप्तिस्मा घेतलेली माणसे अगदी बोटांवर मोजण्याइतकी होती.

बँकेच्या भाषेत ही बुडीत शाखा. पण जरा दुसरी वही उघडून पाहा. या मंडळींनी मराठी शिकून १८१५ पासून मुंबईत मराठी शाळा काढल्या. १८२४ मध्ये त्यांच्या मिशनने मुंबईत मुलींची शाळा सुरू केली. त्यांनी छापखाना घातला, मराठीसाठी टाइप पाडले. त्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात छपाईची विद्या पाहिलेल्या गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पहिले छापील मराठी पंचांग काढले. त्याच छापखान्यात पोरवयात काम केलेल्या जावजी दादाजींनी पुढे १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना उभारला. म्हणजे ज्या अक्षरांतून बायबल घराघरांत जावे म्हणून हॉलच्या पिढीने जीव टाकला, त्याच अक्षरविद्येतून आपल्या घरी एकादशी आणि संकष्टी आली, वेद आणि पुराणे आली! याच मिशनच्या सिंथिया फॅरार या अविवाहित बाई १८२७ मध्ये मुंबईत आल्या, पुढे अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, मुलींच्या शाळा चालवत राहिल्या आणि तिथेच वारल्या. सावित्रीबाई फुले यांनी शिकवण्याचे शिक्षण घेतले ते त्यांच्याकडे. हॉलने ज्या रकान्याकडे डोळे लावले होते तो रिकामा राहिला, आणि ज्याच्यासाठी त्याने रकानाच आखला नव्हता तिथे एवढी रक्कम जमा झाली.

उलट दिशेची गोष्टही आहे. १८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटला. बोलणे झाले. त्याने टिळकांच्या हाती बायबलचा नवा करार ठेवला आणि, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत करून तो उतरून गेला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. मराठीला रेव्हरंड टिळक नावाचा कवी आणि लक्ष्मीबाईंची "स्मृतिचित्रे" ज्या प्रवासामुळे मिळाली, त्या प्रवासातल्या त्या माणसाचे नाव फारसे कुणाला ठाऊक नाही. आपल्या हातून काय घडले, हे त्याला बहुधा कधीच कळले नसेल. त्याच्या वहीत त्या दिवशी "एक पुस्तक दिले" एवढीच नोंद असणार.

इथपर्यंत चिकाटीचे झाले. पण चिकाटी ही दुधारी वस्तू आहे. हट्टी माणूसही चिवटच असतो. मग हट्ट आणि निष्ठा यांतला फरक ओळखायचा कसा? माझ्या मते तो पश्चात्तापाच्या जागी ओळखू येतो. स्वतःची चूक दिसल्यावर जो वळू शकतो, त्याच्या चिकाटीला निष्ठा म्हणावे. जो वळूच शकत नाही, त्याचा हट्ट.

आणि पश्चात्ताप म्हणजे काय, हे मला धर्मग्रंथांपेक्षा बँकेच्या लेजरमुळे जास्त कळले. कॉम्प्युटर येण्यापूर्वी नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात एक नियम शिकवत. आकडा चुकला तर तो खरवडायचा नाही. खालचा आकडा वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला सही करायची. रक्कम भलत्याच खात्यात गेली असेल, तर उलटी नोंद करायची. मूळ नोंद जागच्या जागी राहते. म्हणजे चूक दिसली पाहिजे, दुरुस्ती दिसली पाहिजे आणि जबाबदार माणूस दिसला पाहिजे. आपण सहसा यांतले एक तरी गाळतो. कुणी चूक खरवडून काढू पाहतो, म्हणजे तसे घडलेच नाही म्हणतो. कुणी आयुष्यभर त्या रेघेकडे पाहून रडत बसतो, पण वर बरोबर आकडा लिहीत नाही. आणि "चुका सगळ्यांच्याच होतात" असे म्हणणारा सही टाळतो.

आमच्या घाटकोपरच्या जैन शेजाऱ्यांनी तर या हिशेबाचे वेळापत्रकच बांधले आहे. प्रतिक्रमण म्हणजे चुकून गेलेल्या पावलांवरून मागे फिरणे. रात्रीच्या दोषांसाठी सकाळचे, दिवसाच्या दोषांसाठी संध्याकाळचे, मग पंधरवड्याचे, चार महिन्यांचे आणि शेवटी संवत्सरीचे, वर्षाचे. पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा मला हसू आले होते. रोजची कॅश टॅली, महिन्याचे बॅलन्सिंग, सहामाही क्लोजिंग आणि एकतीस मार्च! व्यापारी समाजाने आत्म्याचाही हिशेब तुंबू दिलेला नाही. पर्युषण संपल्यावर काउंटरवर येऊन हात जोडून "मिच्छामि दुक्कडम्" म्हणणारे वयस्कर व्यापारी मला आठवतात. आता तोच संदेश फुलांच्या चित्रासह एका बोटाने चारशे लोकांना जातो, आणि ज्याचे मन खरोखर दुखावले आहे त्या भावाचा नंबर नेमका त्या यादीत नसतो. पण हा दोष माणसांचा आहे, पद्धतीचा नव्हे. पद्धत सांगते ती गोष्ट त्या एकोणीस वर्षांच्या मुलाने सांगितलेल्या गोष्टीहून वेगळी नाही. लहान चूक त्याच दिवशी निस्तरली, तर मोठी व्हायला तिला वेळ मिळत नाही.

टिळक पतीपत्नींच्या आयुष्यात हे वळणे किती खरे होते, ते पाहण्यासारखे आहे. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. पुढची काही वर्षे त्यांनी सोवळे सांभाळत, मुलाला घेऊन, वेगळेपणात काढली. सोवळेओवळे त्यांच्या मनातून गेले ते कुणाच्या प्रवचनाने नाही. जातिभेद देवाने केलेला नाही, हे त्यांना स्वतःच्या विचाराने एकदा पटले आणि पटल्यावर त्यांनी ते त्याच दिवसापासून आचरणात आणले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इकडे टिळकही जिथे पोहोचले तिथेच बसून राहिले नाहीत. मिशनची परदेशी धाटणी त्यांना आयुष्यभर खुपत होती. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची चाकरी सोडली आणि साताऱ्याला "देवाचा दरबार" मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. ज्या संस्थेने आपल्याला आसरा दिला, तिच्यापासूनही विवेकाला पटेना म्हणून पन्नाशी उलटल्यावर दूर होणे, हे विशीत घर सोडण्यापेक्षा अवघड.

संस्थांनाही उलटी नोंद करता आली पाहिजे. ज्या बहुपत्नीत्वापायी फिंडलेला इथे कुणी उभे केले नाही, ती चाल त्याच्या पंथाने १८९० साली सोडली. काळ्या वर्णाच्या पुरुषांना पौरोहित्य नाकारण्याचा नियम त्यांनी १९७८ पर्यंत चालवला आणि मग रद्द केला. उशीर फार झाला, त्यात कितीकांचे आयुष्य गेले. पण नोंद झाली. आपल्याकडच्या कितीतरी मठांच्या, मंडळांच्या आणि पक्षांच्या वह्या चाळाव्यात. खाडाखोड पुष्कळ सापडते, सही फार क्वचित.

आता या सगळ्याची दुसरी बाजू. तरुण मनाच्या निष्ठेचा गैरफायदा घेणारे सर्व धर्मांत आणि धर्माबाहेरही आहेत. दारोदार फिरणाऱ्या प्रचारकांबद्दल आपल्या समाजात जो संशय आहे, तो निव्वळ हवेतून आलेला नाही; भुकेल्यापुढे भाकरीबरोबर धर्म ठेवला, तर त्याने कशाला हो म्हटले हे देवालाही सांगता येणार नाही. वयाचा प्रश्नही खरा आहे. १९५५ साली तेव्हाच्या मुंबई राज्याच्या विधानसभेत प्रभुदास पटवारी यांनी बालदीक्षेला आळा घालणारे विधेयक मांडले होते. त्यावर मोठे वादळ उठले आणि त्याचा कायदा झाला नाही. पण त्यामागचा प्रश्न सत्तर वर्षांनंतरही तितकाच टोकदार आहे. नऊ-दहा वर्षांच्या मुलाने जन्मभरासाठी दिलेला होकार होकार मानायचा का? बँकेत अज्ञानाच्या सहीने कर्ज देत नाहीत. मग आयुष्य कसे घ्यायचे?

म्हणून कुठल्याही श्रद्धेला, मग ती धर्माची असो, चळवळीची असो की संघटनेची, मी एकच प्रश्न विचारतो. तुमच्याकडे परतीची वाट आहे का? आलेल्या मुलाला उद्या मान वर करून घरी जाता येईल का? थायलंड आणि म्यानमारमध्ये तरुण मुले काही आठवडे, काही महिने भिक्षू होतात आणि चीवर उतरवून संसाराला लागतात. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही, उलट घराला अभिमान वाटतो. पण दोन वर्षे पुरी न करता लवकर परतलेल्या मॉर्मन मुलाकडे आपल्याच गावात लोक कसे पाहतात, हे त्या दोघांतल्या थोरल्याने मला सांगितले तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता. दीक्षा सोडून घरी आलेल्या मुलीला आपण काय वागवू, याचा घाटकोपरमध्ये कुणी विचार केला आहे काय? आणि नुसते धर्माचेच कशाला? मेळघाटातून वर्षभराने परत आलेल्या मुलाला "सांगितले होते ना?" असे पहिल्याच जेवणाला ऐकवणारे आपणच असतो. एकदा ते वाक्य कानावर पडले, की पुढच्या वेळी तो परत येत नाही. चुकलेल्या वाटेवरच हट्टाने चालत राहतो. निष्ठेचा हट्ट आपणच करून टाकतो तो असा.

त्या पाच जणांतल्या दोघांची हकिकत या संदर्भात महत्त्वाची आहे. जडसनने समुद्रप्रवासात बाप्तिस्म्याच्या प्रश्नाचा अभ्यास केला, आपल्या पंथाचे मत चुकीचे आहे असे त्याला वाटू लागले आणि कलकत्त्याला उतरल्यावर त्याने ते पाठवणाऱ्या मंडळाला कळवून टाकले. पैशाचा आधार तुटणार हे दिसत असताना. पुढे तो ब्रह्मदेशात गेला आणि पहिला माणूस मिळायला त्याला सहा वर्षे लागली. नॉट तर आजारी होऊन परतच गेला. तो पाद्री झाला, शिक्षक झाला आणि १८६९ पर्यंत जगला. पाचांत सर्वांत शेवटी तोच गेला. मरेपर्यंत टिकलेल्या हॉलचे थडगे दोडीला झाले, मत बदललेल्या जडसनचे नाव ब्रह्मदेशात राहिले, आणि परत गेलेला नॉट आपल्या माणसांत म्हातारा झाला. या तिघांत खरा निष्ठावंत कोण, असे मला कुणी विचारले तर मी तिघांची नावे घेईन.

घरात विशीतले मूल असलेल्या प्रत्येकाला हा विषय आज ना उद्या लागू होणार आहे. उद्या आपला मुलगा किंवा मुलगी जेवताना काही भलतेच बोलेल. ताट बाजूला सारू नये. कशासाठी, किती दिवस, खर्च कुणाचा आणि कुणाला दुखवून, हे बँकेतल्या कर्जाच्या अर्जासारखे चार प्रश्न शांतपणे विचारावेत. सहीची घाई करणारे कुणी मागे उभे असेल, तर मात्र ठाम नाही म्हणावे. आणि उत्तरे पटोत वा न पटोत, शेवटी एक वाक्य स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावे. ते गृहीत धरू नये, कारण मुले ते गृहीत धरत नाहीत. "जमले तर आम्हाला आनंद आहे. नाही जमले तर परत ये. तुला कुणी काही विचारणार नाही."

आणि ते परत आले, तर खरोखरच विचारू नये.